नोंदवहीत नसलेला पुरुष

पुरुषांशी शरीरसंबंध असणाऱ्या पुरुषांची लैंगिक आरोग्य तपासणी महाराष्ट्रात सुरू झाली ती १९९०च्या दशकात. आजार मात्र फार जुने आहेत. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांनी ‘भावप्रकाशा’त सिफिलिसला ‘फिरंग रोग’ असे नाव दिले आणि दोष समुद्रापलीकडून आलेल्या फिरंग्यांच्या माथी मारला. बोलीत त्याची गर्मी झाली, गोनोरियाचा परमा झाला, आणि पुढे छापील जाहिरातींत सगळे मिळून ‘गुप्तरोग’ झाले. मराठवाड्यातल्या कुठल्याही एसटी स्टँडाजवळच्या भिंतीवर हा शब्द चुन्याच्या पांढऱ्या पट्ट्यावर लाल अक्षरांत रंगवलेला दिसतो. खाली एखाद्या लॉजचे नाव आणि ‘दर मंगळवारी भेटा’ अशी सूचना असते. परभणी जिल्ह्यातल्या पालमसारख्या तालुक्याच्या गावात लैंगिक आजाराविषयी चारचौघांत लिहिलेला मजकूर बराच काळ एवढाच होता.

इंग्रजी अमदानीत या आजारांची सक्तीची तपासणी सुरू झाली ती सैन्याच्या काळजीपोटी. गोऱ्या शिपायांचा मोठा हिस्सा गर्मी-परम्याने इस्पितळात पडून राहायचा. त्यावर उपाय म्हणून १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा संसर्गजन्य रोग कायदा आला. शरीरविक्रय करणाऱ्या बायकांची नावे नोंदवायची, त्यांची ठरावीक मुदतीने अंगतपासणी करायची आणि आजार आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडायचे, अशी ती पद्धत होती. मुंबई शहरात हा कायदा लागू झाला, विरोधामुळे बंद पडला, पुन्हा आला, आणि १८८८ मध्ये रद्द झाला. या सगळ्यात तपासणी झाली बाईची. तिच्याकडे जाणारा पुरुष नोंदीबाहेर राहिला. पुरुषाकडे जाणाऱ्या पुरुषाचा विचार तर त्या कायद्याच्या कल्पनेतही नव्हता. त्याच्यासाठी दंडसंहितेचे ३७७ वे कलम १८६० मध्येच लिहून ठेवलेले होते. त्याची नोंद झालीच तर पोलिसांच्या डायरीत होई. दवाखान्याच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

पालम तेव्हा निजामाच्या मुलुखात होते. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात आणि नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात राहून १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. इंग्रजांचा हा कायदा सिकंदराबादसारख्या छावण्यांपुरता होता. गोदाकाठच्या खेड्यांत वैद्य आणि हकीम हाच आसरा. पारा घातलेली औषधे, धुरी, पथ्यपाणी यांवर भिस्त होती. १९०६ मध्ये वासरमानने सिफिलिस ओळखणारी रक्तचाचणी काढली आणि १९४३ मध्ये पेनिसिलिनने तो बरा होतो हे सिद्ध झाले. या दोन शोधांनी आजाराचे स्वरूप बदलून टाकले, पण मराठवाड्यात ते पोचायला वेळ लागला. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लोकांच्या तोंडची ‘घाटी’, १९५६ मध्ये सुरू झाले. अंबाजोगाईचे महाविद्यालय सत्तरच्या दशकातले, तर नांदेडचे १९८८ चे.

या रुग्णालयांच्या त्वचा व गुप्तरोग विभागात पुरुष येत. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: “बाहेर कुठे गेला होतात का?” प्रश्नात बाई गृहीत होती. ज्याचा संबंध पुरुषाशी आला होता, तो एक तर मान हलवून ‘नाही’ म्हणे किंवा एखादी बाई बनवून सांगे. परिणामी तपासणी चुकीच्या जागी होई. सिफिलिसचा पहिला व्रण दुखत नाही. तो गुदद्वाराशी असेल तर माणसाला दिसतही नाही, आणि दिसलाच तर मूळव्याध समजून मलम लावले जाते. काही आठवड्यांनी अंगावर, तळहातांवर, तळपायांवर लालसर चट्टे उठतात. ते उष्णतेचे किंवा औषधाच्या रिअ‍ॅक्शनचे मानले जातात. मग चट्टेही आपोआप जातात, पण जंतू शरीरात राहतो. आजार ओळखण्याची रक्तचाचणी हाताशी असून तो सुटतो, कारण ती करायची हे सुचण्यासाठी लागणारे वाक्य खोलीत कुणीच उच्चारलेले नसते.

ते वाक्य मराठीत उच्चारण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. गुप्तरोग टाळण्याविषयी त्यांनी स्वतंत्र पुस्तकही लिहिले. मासिकात वाचकांच्या पत्रांना ते सरळ उत्तरे देत. या प्रश्नोत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला कर्वे हरले. लैंगिक प्रश्नांवर मराठीत साध्या शब्दांत बोलण्याची किंमत काय असते, हे त्या निकालाने दाखवून दिले. पुढची चाळीस-पन्नास वर्षे ती किंमत मोजायला फारसे कुणी पुढे आले नाही.

१९८६ मध्ये मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देशातले पहिले एचआयव्ही संसर्ग शोधले. त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रुग्ण आढळला. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही सुरुवातीची संदर्भ केंद्रे ठरली. पहिल्या काही वर्षांत सरकारी नजर पुन्हा जुन्याच जागी वळली: वेश्यावस्ती, ट्रकचालक, रक्त विकणारे. अमेरिकेत १९८१ मध्ये हा आजार प्रथम समलिंगी पुरुषांतच दिसला होता. तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, भारतात ‘आपल्याकडे तसले नाही’ हे उत्तर तयार होते.

तपासणी म्हणजे काय होऊ शकते, हे गोव्याने १९८९ मध्ये दाखवले. पर्रा गावचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करत असे. रक्तदानातून त्याचा एचआयव्ही संसर्ग सरकारला कळला. त्याला काही सांगण्याआधी १४ फेब्रुवारीला पोलिसांनी उचलले आणि म्हापशात क्षयरोग्यांसाठी वापरल्या गेलेल्या इमारतीत ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात दाद मागितली. वकील होते आनंद ग्रोव्हर. डॉमिनिक सुटला, पण तरतूद न्यायालयाने वैध ठरवली. त्याच्या समलिंगी असण्याविषयी उघड बोलले गेले ते पुढे. सुटल्यावर त्याने ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली आणि १९९२ मध्ये तो वारला. ग्रोव्हर यांनी पुढे एचआयव्हीबाधितांसाठी कायदेशीर मदतीचे स्वतंत्र काम उभे केले. लॉक हॉस्पिटलनंतर शंभर वर्षांनी पुन्हा तपासणी आणि कोंडणे हे एकाच कागदावर आले होते. फरक इतकाच, की या वेळी आत पुरुष होता.

मुंबईत दिशा वेगळी निघाली. पत्रकार अशोक राव कवी आणि त्यांच्या मित्रांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. त्याच्या पत्रव्यवहारातून आजाराचे प्रश्न इतके आले, की निव्वळ नियतकालिकाने भागेना. १९९४ मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला आणि सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात महापालिकेच्या जुन्या इमारतीत त्याला जागा मिळाली. ३७७ कलम शाबूत असताना महापालिकेने अशा संस्थेला छप्पर द्यावे, ही त्या काळातली मोठीच गोष्ट. एका शासकीय हाताने गुन्हेगार ठरवलेल्या माणसाला दुसऱ्या शासकीय हाताने खोली दिली. केंद्रात गप्पांच्या बैठका होत. दवाखाना त्या बैठकांच्या पोटी जन्मला. क्रम महत्त्वाचा होता: आधी बसायला जागा, मग रक्ताची बाटली.

वाकोल्याच्या पद्धतीत तीन गोष्टी नव्या होत्या. पहिली, नावाऐवजी क्रमांक. दुसरी, समुपदेशक त्याच जगातला, त्यामुळे त्याला शब्द ठाऊक. ‘कोती’ म्हणजे स्वतःला बायकी मानणारा पुरुष, ‘पंथी’ म्हणजे त्याचा पुरुषी जोडीदार, ‘डबल डेकर’ म्हणजे दोन्ही. या शब्दांत विचारले की उत्तर मिळते; ‘समलिंगी आहात का’ या प्रश्नाला बहुतेक ‘नाही’ म्हणत, आणि ते खोटेही नसे, कारण स्वतःविषयी तो शब्द त्यांनी कधी वापरलेलाच नव्हता. तिसरी गोष्ट प्रॉक्टोस्कोपची. बोटभर लांबीची, आतून पोकळ नळी. तिच्यातून गुदमार्गातला व्रण, पू, मोड दिसतात. सरकारी दवाखान्यात ती मूळव्याधीसाठी वापरत. लैंगिक आजारासाठी ती उचलणारा डॉक्टर दुर्मीळ होता, आणि ती उचलल्याबरोबर रुग्णाला टोमणा न मारणारा त्याहून दुर्मीळ. सायन रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागातील डॉक्टरांशी जोडून घेतल्याने वाकोल्याला असे हात मिळाले.

आकडे बाहेर आले तेव्हा ते धक्कादायक होते. हमसफर आणि सायनच्या डॉक्टरांच्या सहभागाने झालेला आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास १५० जणांचा होता. त्यातल्या १२२ पुरुषांत एचआयव्हीचे प्रमाण १७ टक्के आणि २८ तृतीयपंथी व्यक्तींत ६८ टक्के आढळले. २००३-०४ या दोन वर्षांत चाचणीसाठी आपणहून आलेल्या ८३१ पुरुषांच्या दुसऱ्या पाहणीत हे प्रमाण साडेबारा टक्के निघाले. त्यात स्त्रियांशीही संबंध असणारे पुरुष होते. महाराष्ट्रात ‘बायसेक्शुअल’साठी ‘उभयलिंगी’ हा शब्द रूढ झाला, तो काहीसा फसवा आहे. प्रत्यक्षात प्रश्न बहुतेकदा आवडीचा नसून लग्नाचा असतो. घरच्यांनी वेळेवर लग्न लावून दिलेले असते. गर्मीची सुई घेतलेल्या पुरुषाला समुपदेशक सांगतो, बायकोलाही तपासायला आणा. तो माणूस गप्प होतो, आणि पुष्कळदा पुढच्या भेटीला येत नाही.

मराठीतून हे बोलण्याचे काम पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी केले. २००२ मध्ये त्यांनी ‘समपथिक ट्रस्ट’ काढला. हेल्पलाइन, दवाखान्याची वाट दाखवणे आणि पुस्तके अशी तिहेरी खटपट होती; ‘पार्टनर’ आणि ‘इंद्रधनु’ ही पुस्तके मुंबई-पुण्याबाहेरच्या, इंग्रजी न वाचणाऱ्या मुलांपर्यंत पोचली. मराठवाड्यातल्या वाचकाला हा विषय आपल्या भाषेत सापडण्याची ती जवळजवळ पहिली संधी होती.

सरकारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने जवळ आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, १९९२ ची. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था त्याच वर्षीची. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ पासून, ‘एमएसएम’ हा गट कागदावर ठळक झाला: ओळख काहीही असो, पुरुषाशी संबंध असणारा पुरुष. शब्द कोरडा आहे, पण त्याने रकाना तयार केला. स्वयंसेवी संस्थांमार्फत लक्ष्यगट प्रकल्प सुरू झाले. त्यांची भाषा आजही तशीच आहे: ‘साइट’ म्हणजे भेटीची जागा, ‘पिअर’ म्हणजे त्या जागेवरचाच कार्यकर्ता, ‘लाइन लिस्ट’ म्हणजे त्याच्या वहीतली माणसे. दर तीन महिन्यांनी अंगतपासणी आणि दर सहा महिन्यांनी एचआयव्ही व सिफिलिससाठी रक्त, असा पाळीचा नियम ठरला. सरकारी रुग्णालयांतल्या लैंगिक आजारांच्या दवाखान्यांना ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव मिळाले.

या क्लिनिकांतली औषधांची पाकिटे रंगांवरून ओळखली जातात. लघवीच्या मार्गातून किंवा गुदमार्गातून पू येत असेल तर राखाडी, व्रण असेल तर पांढरे, पेनिसिलिन सोसत नसेल तर निळे, नागिणीसारखे फोड असतील तर लाल, जांघेत गाठ असेल तर काळे. प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणी लक्षणावरून लगेच औषध द्यायचे, हा यामागचा हिशेब. खेड्यातल्या डॉक्टरला तो फार सोयीचा ठरला. त्यात एक उणीव मात्र पहिल्यापासून आहे: ज्याला लक्षणच नाही तो या हिशेबातून सहज सुटतो. घशातला आणि गुदमार्गातला गोनोरिया किंवा क्लॅमिडिया बहुधा काही त्रास देत नाही. तो शोधायला त्या-त्या जागचा बोळा घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, आणि ती सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणांपलीकडे फारशी गेलेली नाही.

परभणी जिल्हा या इतिहासात आला तो बायकांच्या तपासणीमुळे. गेट्स फाउंडेशनचा ‘आवाहन’ हा कार्यक्रम २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत सुरू झाला. त्याच्या मोजमापासाठी वर्तन आणि रक्तनमुने यांची जोड-पाहणी झाली, तीत शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियांसाठी निवडलेल्या जिल्ह्यांत मुंबई, ठाणे, पुणे, कोल्हापूर, यवतमाळ यांच्याबरोबर परभणीही होता. पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांची पाहणी मात्र मुंबई-ठाणे आणि पुण्यात झाली. असे पुरुष मोठ्या शहरातच असतात, असा समज त्यामागे नसेलही. मोठ्या शहरात ते एका जागी सापडतात, हे कारण जास्त खरे. तरी वहीत उतरले ते असे: परभणीत बायका, पुण्यात पुरुष.

कायद्याचा लपंडाव या सगळ्याच्या जोडीने चालू होता. २००१ मध्ये लखनौला एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच ३७७ खाली अटक झाली. त्याच वर्षी नाझ फाउंडेशनने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. २००६ मध्ये नॅकोने प्रतिज्ञापत्रात सांगितले, की देशात असे सुमारे २५ लाख पुरुष आहेत, त्यांच्यात संसर्ग सुमारे ८ टक्के आहे आणि या कलमामुळे ते लपून राहतात. गृहखाते मात्र त्याच खटल्यात कलम टिकवण्याच्या बाजूने होते. २ जुलै २००९ ला उच्च न्यायालयाने कलमाची धार काढली, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात कायमची काढून घेतली. त्याच महिन्यात, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्याने संमतीशिवाय चाचणी आणि परवानगीशिवाय निकाल उघड करणे, दोन्हींना बंदी घातली. गोव्यातल्या प्रकरणाला तेव्हा २९ वर्षे झाली होती.

कायदा आड नसतानाही माणसे तपासणीपासून दूर राहतात, याचे उदाहरण अमेरिकेतले कृष्णवर्णीय समलिंगी पुरुष आहेत. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१६ मध्ये अंदाज मांडला, की तेव्हाचेच प्रमाण टिकले तर त्यांच्यातल्या दर दोघांपैकी एकाला आयुष्यात एचआयव्ही होईल. त्यांचे वागणे इतरांपेक्षा जास्त धोक्याचे नव्हते. उपचार उशिरा मिळणे, विमा नसणे आणि लहान, बंदिस्त वर्तुळात जोडीदार मिळणे ही कारणे होती. त्यात अलाबामातल्या टस्कीगीची आठवण. तिथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस सरकारी आरोग्य खात्याने नुसता पाहत ठेवला, पेनिसिलिन आल्यावरही दिले नाही. ज्या दारात बापजाद्यांची अशी फसवणूक झाली, तिथे माणूस रक्त द्यायला सहज जात नाही. महाराष्ट्रात वंशाचा प्रश्न नसला तरी बंदिस्त वर्तुळ आणि दाराची भीती या दोन गोष्टी ओळखीच्या आहेत.

पालमच्या बाबतीत दाराची भीती म्हणजे ओळखीची भीती. ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची प्राथमिक चाचणी होते. बोटातून किंवा शिरेतून रक्त, पट्टीवर थेंब, वीसेक मिनिटांत रेघ. पहिली पट्टी ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ आली तर वेगळ्या तत्त्वावरच्या आणखी दोन पट्ट्यांनी खातरजमा करून मगच निकाल देतात. यंत्र म्हणून यात कमी काही नाही. पण रांगेत शेजारचा असतो, केसपेपर काढणारा गावातला असतो, आणि समुपदेशनाच्या खोलीच्या दारावर काय लिहिले आहे हे बाकावर बसलेल्या प्रत्येकाला वाचता येते. म्हणून ज्याला खरोखर शंका आहे तो गंगाखेडमार्गे परभणीची किंवा लोह्यामार्गे नांदेडची गाडी धरतो. घरी सांगायला बाजाराचे, कोर्टाचे, खताचे निमित्त असते. अंतर हा आरोग्यसेवेतला अडथळा मानला जातो; इथे तोच आडोसा होतो. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेला तरुण तपासणीही तिकडेच उरकतो आणि निकाल तिकडेच ठेवून येतो.

पूर्वी साइट म्हणजे स्टेशन, बगीचा, स्टँडमागची मुतारी असे. मोबाइलवरच्या ओळखीच्या अ‍ॅप्सनी ती जागा बदलली. पिअरच्या वहीत जी माणसे स्टँडवर भेटून नोंदली जात, ती आता कुठेच उभी राहत नाहीत. त्यामुळे समाजातच जाऊन बोटाच्या थेंबावर चाचणी करण्याची पद्धत कार्यक्रमाने स्वीकारली. २०१७ पासून निकाल आल्याबरोबर, सीडी४ पेशींचा आकडा न पाहता, औषध सुरू होते. एचआयव्ही आटोक्यात ठेवणारे हे मोफत एआरटी उपचार २००४ मध्ये सुरू झाले तेव्हा महाराष्ट्राची सुरुवात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातून झाली होती. पुढे अशी केंद्रे जिल्ह्यांपर्यंत आली.

नॅकोच्या ठरावीक केंद्रांवरील पाहणीत या पुरुषांतले संसर्गाचे प्रमाण २०१०-११ मध्ये ४.४३ टक्के, २०१७ मध्ये २.६९ टक्के आणि २०२१ मध्ये ३.२६ टक्के नोंदले गेले. ताज्या मोजणीत देशातल्या अशा पुरुषांची संख्या साडेतीन लाखांच्या आसपास धरली आहे. न्यायालयात सांगितलेल्या २५ लाखांशी तिचा मेळ बसत नाही, कारण मोजले गेले ते साइटवर आणि ओळखीच्या जाळ्यात सापडणारे. पालमहून गाडी धरून गेलेला माणूस नांदेडच्या वहीत नांदेडच्या क्रमांकाने लिहिला जातो. ‘जोखमीचे कारण’ या रकान्यात तो काय सांगेल तेच उतरते, आणि अजूनही पुष्कळदा तो एखादी बाई बनवून सांगतो.